मृतसाठा धरायचा नाही

पंधरा ऑक्टोबर. धरण दहा आणे.
सांडव्यावरून यंदा थेंब गेला नाही,
तरी भिंतीवर उभं राहिलं की डोळे निवतात,
एवढं पाणी कुठे जाणार आहे, असं वाटतं.
म्हणून बैठक भिंतीवर घेत नाही आम्ही.
सोसायटीच्या खतगोदामात घेतो:
युरियाचा वास, एक ट्यूबलाइट,
आणि फळ्यावर नीट न पुसलेला
मागच्या मे महिन्यातला आकडा.

मी सचिव. चारी नंबर अकरा, पाणीवापर संस्था,
तालुका दिंडोरी. माझं काम वजाबाकीचं.

दहा आण्यांतून आधी मृतसाठा.
शब्दच असा, की दर वर्षी केदूनाना विचारतात,
"मेलेलं पाणी म्हंजे ताई, तहानेलाबी चालत नाही?"
चालतं, नाना. पण ते मोरीच्या उंबऱ्याखाली बसलंय.
दार कितीही उचला, चढून येणार नाही.

मग बाष्पीभवन.
नाना त्याला वरच्याचं कमिशन म्हणतात.
मग गाळ, ज्याचा हिशेब कुणी नीट केलेला नाही
आणि जो दर वर्षी मी थोडा वाढवून लिहिते.
मग शहराचे नळ.
मग गोदेच्या खालच्या अंगाचा हक्क.
इथे खुर्च्या करकरतात. करकरू देत.
तिकडेही कुठल्याशा गोदामात
फळ्यापाशी कुणी उभं असेल,
माझ्या वजाबाकीची वाट बघत,
मिळवायला.

उरलं ते आमचं.
त्यात पाच आवर्तनं बसत नाहीत.
चार बसवली तर चौथं घोटाभर,
टेलापर्यंत पोचेतो नुसता ओला पाट.
तीन बसतात. नीट.

कुणी बोलत नाही.
बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर फवारणीची टाकी गळतेय,
टप्, आणि बऱ्याच वेळाने टप्.
सगळ्यांना ऐकू येतंय.

माणसं गोडी छाटणी अर्धी टाकून आलीत.
बोटांना अजून पेस्टचा लाल.
सकाळी काडीचे डोळे जागे करून आलेल्या या हातांना
मी एप्रिलचं विचारतेय.
गोडीच्या दिवसांत माणूस काहीही कबूल करतो;
खरड छाटणीचं बोला, म्हणते,
जेव्हा वेल नागडा असतो आणि ऊन त्रेचाळीस,
आणि पुढच्या साली घड येणार की वांझ काडी
ते त्याच पंधरा दिवसांत ठरतं.
तेव्हाचं एक आवर्तन आत्ता बाजूला काढा.
त्याला आज कुणी हात लावायचा नाही.

"काढलं," रंगनाथ मौले म्हणतो. "पण कुणाचं काढलं?"

बरोबर आहे.
उन्हाळ कांदा निम्मा, यावर माना हलतात.
ऊस नाही, यावरही; ऊस दोघांचाच आहे.
पण आकडा बसत नाही.
जुन्या बागा सोडाव्या लागतील.
हे मी फळ्याकडे तोंड करून सांगते,
आणि खडू मोडायच्या आत लिहिते:

गट २१४. थॉम्पसन. एकोणीस वर्षं.
सव्वा एकर. पाणी नाही.

गट २१४ आमचा.
मालक मागे पोत्यांवर बसलेत.
घरी सांगितलं नव्हतं मी.
सांगितलं असतं तर रात्रभर दोघं जागलो असतो
आणि सकाळी मी दुसऱ्या कुणाचा गट लिहिला असता.

ते उठतात. चप्पल शोधतात. बाहेर जातात.
ट्यूबलाइट तेवढी गुणगुणते.

टप्.

मग नाही.

टाकी आमचीच होती तर.

परत येतात, हात पॅन्टला पुसत,
पोत्यांकडे न जाता दारातच थांबतात.
"सव्वा नाही," म्हणतात, "दीड आहे.
बांधाच्या पलीकडच्या चार ओळी धरल्या नाहीस तू."

मी खोडते. दीड लिहिते.
खडूची पूड मनगटावर येते.

केदूनाना चष्मा शोधू लागतात,
वरच्या खिशात, खालच्या खिशात.
त्यांचा गट नंबर त्यांना तोंडपाठ आहे.
तरी शोधतात. आम्ही थांबतो.